चित्रातलं घर कुणाचं?

मंडळी, हे चित्र जवळ येऊन पाहिलंत तरी चालेल. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी दरीच्या उत्तर टोकाला ग्रेपव्हाइन कॅनियन नावाची घळ आहे, तिथलं हे घर. लाल कौलं, मातकट भिंती, घड्याळाचा मनोरा. मी काढलं ते जानेवारीत, तरी हवा इतकी कोरडी, की आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, निम्म्या कागदावर येईपर्यंत वरची कड सुकलेली. निळ्यात ही आडवी रेघ दिसते ना, ती तिथल्या हवेची. मी ती पुसली नाही.

या घराला सगळे 'स्कॉटीज कॅसल' म्हणतात. पण हा किल्ला नाही, आणि स्कॉटीच्या मालकीचा तर कधीच नव्हता.

स्कॉटी म्हणजे वॉल्टर स्कॉट, मूळचा केंटकीचा. बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट खेळात घोडेस्वार होता. पुढे 'डेथ व्हॅलीत मला सोन्याची खाण सापडलीय' असं सांगून त्यानं श्रीमंतांकडून भांडवल उचललं. १९०५ मध्ये खास आगगाडी भाड्यानं घेऊन तो लॉस एंजेलिसहून ४४ तास ५४ मिनिटांत शिकागोला पोचला. तो विक्रम होता, वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. खाण मात्र कुणालाच दिसली नाही.

फसलेल्यांपैकी एक अल्बर्ट जॉन्सन, शिकागोचा विमा कंपनीवाला. १८९९ च्या रेल्वे अपघातात त्याचे वडील गेले आणि त्याचा स्वतःचा पाठीचा कणा मोडला होता. हा माणूस खाण बघायला वाळवंटात आला. स्कॉटीला वाटलं, उन्हानं दोन दिवसांत पळेल. १९०६ मध्ये तर विंगेट खिंडीत बनावट दरोड्याचा बेत रचला, त्यात खरी गोळी लागली ती स्कॉटीच्याच भावाला! जॉन्सन काही पळाला नाही. कोरडी हवा त्याच्या पाठीला मानवली. थाप कळल्यावरही त्यानं मैत्री तोडली नाही. स्कॉटीनं पैसे हसवून फेडले, असं तो म्हणायचा. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हेच.

१९२२ पासून जॉन्सन आणि त्याची बायको बेसी यांनी इथं घर बांधायला घेतलं. दिवाणखान्यात दगडी भिंतीवरून पाणी झिरपत ठेवलं, तोच गारवा. झऱ्याच्या पाण्यावर वीज केली. चुलाण्यांना सरपण म्हणून बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे सुमारे १,२०,००० स्लीपर विकत घेतले, ते शेजारच्या घळीत रचून ठेवले. स्लीपरला तिकडे 'टाय' म्हणतात, म्हणून तिचं नावच टाय कॅनियन. लोकांनी विचारलं तर स्कॉटी म्हणायचा, 'माझ्या खाणीच्या पैशांतून बांधतोय', आणि जॉन्सन म्हणायचा, 'मी नुसता त्याचा सावकार'. पण कुंपणाचे हे काँक्रीटचे खांब नीट बघा. चित्रात ते ठिपक्याएवढे आहेत, प्रत्यक्षात त्यांच्यावर 'जे' आणि 'एस' ही अक्षरं आहेत, जॉन्सन आणि स्कॉट. मी बोट फिरवून बघितलं, कडा अजून हाताला लागतात.

मंडळी, एक उणीव सांगायलाच हवी. माझ्या चित्रात माणूस नाही. हा झरा होता इथल्या मूळ रहिवाशांचा, टिंबिशा शोशोनी लोकांचा, तिथं त्यांची वस्ती होती. या भिंती उभ्या करायला त्यांच्यातलेच मजूर राबले, आणि गोऱ्या मजुरांपेक्षा कमी रोजावर राबले. मी तीन दिवस समोर बसून सावल्यांचे कोन बघत राहिले आणि हे मला नंतर कळलं. याचं मला फार वाईट वाटतं.

१९३१ मध्ये काम थांबलं. जुनी मोजणी चुकलेली होती, जमिनीची मालकीच धड नव्हती. ती कायद्यानं मिळेपर्यंत मंदीत जॉन्सनचा पैसा गेला. पोहण्याचा तलाव अर्धवट राहिला, तो डावीकडचा राखाडी खड्डा. १९४८ मध्ये जॉन्सन वारला, १९५४ मध्ये स्कॉटी. घरामागच्या टेकडीवर त्याला पुरलंय.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्षभराचा पाऊस पाच तासांत कोसळला आणि कॅनियनमधून पूर आला. रस्ता, पाण्याची लाइन, वीज, सगळं वाहून गेलं, आणि घर लोकांसाठी बंद झालं. दुरुस्ती चालू असताना २०२१ मध्ये आवारातलं जुनं गॅरेज जळालं. चित्रात ते या झाडामागे आहे, कौलांची एवढीशी कड दिसते.

पुन्हा जायला मिळालं, तर टाय कॅनियनमधल्या त्या स्लीपरांच्या थप्प्या काढायच्या आहेत. त्यासाठी बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाची मोठी ट्यूब आणि जाड कागद आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.