रात्री आलेली एक मेल

[दृश्य: अंधारी खोली, लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड]

2 एप्रिल 2025, बुधवारची रात्र. अमेरिकेत कुठे कुठे छोटी म्युझियम चालवणारे, लायब्ररीत कार्यक्रम घेणारे, जुने कागद सांभाळणारे लोक दिवसाचं काम आटपून घरी गेलेत, आणि त्यांच्या इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडते. पत्र सरकारी संस्थेचं पण मेलचा पत्ता सरकारी नाही, त्यामुळे काहींची तर स्पॅममध्येच गेली. आत काय, तर तुमची ग्रांट रद्द झालीये, आता ती संस्थेच्या गरजांमध्ये आणि प्राधान्यांमध्ये बसत नाही, आणि नेहमीच्या पद्धतीने आधी कळवणं शक्य नाही. बास. साधारण 1,400 ग्रांट अशा गेल्या. कुणाचं काम सुरू होऊन दोन महिने झालेले, कुणाचं संपायला दोन महिने उरलेले, सगळ्यांना तेच पत्र.

ज्या संस्थेच्या नावाने ही पत्रं गेली ती म्हणजे नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज, थोडक्यात एनईएच. 29 सप्टेंबर 1965 ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि ही संस्था उभी राहिली. इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान, ज्याला आपण मानव्यविद्या म्हणतो, ते फक्त युनिव्हर्सिटीत न राहता साध्या लोकांपर्यंत जावं हा त्यातला एक मोठा हेतू. त्या कायद्यातच लिहिलंय की लोकशाहीला शहाणे आणि दूरचं बघणारे नागरिक लागतात. मला हे वाक्य फार आवडतं, कारण ते भाषणातलं नाहीये, कायद्यातलं आहे.

आणि खर्च किती? 2024 चं बजेट सुमारे 20 कोटी 70 लाख डॉलर. लोकसंख्या धरा 34 कोटी, म्हणजे माणशी वर्षाला साधारण 60 सेंट.

यातला मोठा वाटा जायचा राज्यांच्या ह्युमॅनिटीज काउन्सिलकडे. अशा 56 काउन्सिल आहेत, 50 राज्यांच्या 50, राजधानी वॉशिंग्टनची एक, आणि प्वेर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स, ग्वाम, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मारियाना यांच्या पाच. हे सरकारी खातं नाही, या स्वतंत्र ना-नफा संस्था आहेत, आणि एनईएचचा पैसा त्यांना मुख्यतः रोजचं काम चालू ठेवायला मिळायचा, म्हणजे पगार, भाडं, गावोगावच्या लायब्ररीला द्यायची छोटी छोटी मदत. ही गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथेच आहे. एखाद्या मोठ्या प्रदर्शनाला देणगीदार मिळतो, भिंतीवर त्याचं नाव लागतं, पण जी बाई तीन तास गाडी चालवून एका खेड्यातल्या लायब्ररीत पुस्तकं पोचवते तिच्या पगाराला देणगीदार शोधून दाखवा. मोठ्या शहरांत श्रीमंत फाउंडेशन आहेत, विद्यापीठं आहेत, तिथलं कसंतरी भागेल, लांबच्या गावात आणि बेटांवर हा सरकारी पैसा हाच आधार होता, आणि त्या मेलनी तोही गेला.

[दृश्य: लायब्ररीतल्या छोट्या खुर्च्या, गोल मांडलेल्या]

ते काम दिसतं कसं ते सांगते. लुइझियाना राज्याच्या काउन्सिलने 1991 मध्ये प्राइम टाइम नावाचा कौटुंबिक वाचनाचा कार्यक्रम सुरू केला, पुढे तो इतर राज्यांतही गेला. संध्याकाळी लायब्ररीत आईवडील आणि मुलं एकत्र बसतात, असे काही आठवडे ओळीने. एकजण गोष्ट वाचून दाखवतो, चित्रांचं पुस्तक असतं, आणि मग दुसरा प्रश्न विचारतो. प्रश्न असे की ज्यांचं उत्तर पुस्तकात मागच्या पानावर नसतं. त्याने खोटं सांगितलं ते बरोबर केलं का? तू असतीस तर काय केलं असतंस? मुलगी एक सांगते, बाप दुसरंच सांगतो, आणि ज्या बापाला स्वतःला वाचायला जड जातं तोही बोलतो, कारण या प्रश्नाला वाचता येण्याची गरज नाही, विचार करायची आहे. मुलगी बापाकडे बघत असते. मानव्यविद्या हा शब्द जड वाटतो ना, पण तो इथे घडतो, त्या छोट्या खुर्चीत अवघडून बसलेल्या माणसाच्या उत्तरात.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना मला राग येतो ते लपवत नाही.

अमेरिकेत 1819 पासून 1969 पर्यंत मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून बोर्डिंग शाळांमध्ये ठेवलं गेलं. केस कापले, नावं बदलली, आपली भाषा बोलली तर शिक्षा. सरकारच्या स्वतःच्या 2024 च्या अहवालात 417 शाळा मोजल्यात आणि तिथे किमान 973 मुलं मेल्याचं नमूद आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी यासाठी जाहीर माफी मागितली.

माफीनंतर सहा महिनेही झाले नाहीत आणि एप्रिलमध्ये या शाळांच्या इतिहासावर चाललेल्या प्रकल्पांचे किमान 16 लाख डॉलर कापले गेले. त्यात एक होता नॅशनल नेटिव्ह अमेरिकन बोर्डिंग स्कूल हीलिंग कोअलिशनचा. शाळांची कागदपत्रं स्कॅन करून लोकांना शोधता येतील अशी ठेवायची, साधारण 1 लाख पानं, त्यासाठीचे 2 लाख 82 हजारांहून जास्त डॉलर गेले आणि ते काम थांबलं. त्याआधी मार्चमध्येच एनईएचच्या प्रमुख शेली लो यांना पद सोडावं लागलं होतं, त्या नावाहो समाजाच्या, या पदावर आलेल्या पहिल्या मूलनिवासी व्यक्ती.

पैसा वाचवायचा होता असं म्हणावं, तर त्याच महिन्यात एनईएच आणि कलांसाठीची तिची जोडसंस्था एनईए यांनी मिळून 3 कोटी 40 लाख डॉलर वेगळे काढले, ‘अमेरिकन हिरोंच्या राष्ट्रीय उद्याना’साठी. तिथे 250 पुतळे उभे करायचे आणि एका पुतळ्याला 2 लाख डॉलरपर्यंत द्यायचे असं ठरलं. इकडे मेलन फाउंडेशन या खाजगी संस्थेने एप्रिलच्या शेवटी काउन्सिलसाठी दीड कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली, त्यात प्रत्येक काउन्सिलच्या वाट्याला थेट आले 2 लाख डॉलर. म्हणजे तिकडे एक पुतळा, इकडे अख्ख्या राज्याची काउन्सिल, आकडा तोच. पुतळ्यांना माझा विरोध नाही, पण पुतळा प्रश्न विचारत नाही आणि आपण त्याला विचारलेल्याचं उत्तरही देत नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. काउन्सिलच्या महासंघाने आणि ओरेगॉनच्या काउन्सिलने मे महिन्यात पोर्टलंडमध्ये केस केली, संसदेने मंजूर केलेला पैसा ट्रम्प प्रशासन असं परस्पर अडवू शकत नाही हा त्यांचा मुद्दा, आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीश मायकल सायमन यांनी कपातीला तात्पुरती स्थगिती दिली. न्यूयॉर्कमध्येही लेखकांच्या आणि अभ्यासकांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिलासा होताच, पण तोवर चार महिने गेले होते, ज्यांना कामावरून कमी केलं ते दुसरीकडे लागले, आणि गावातल्या लायब्ररीचा एकदा तुटलेला विश्वास कोर्टाच्या ऑर्डरने परत येत नाही.

[दृश्य: जुन्या रजिस्टरचं पिवळं पान, शाईतली नावांची रांग]

त्या बोर्डिंग शाळांच्या कागदांचं तर आणखी अवघड आहे. रजिस्टरमध्ये मुलीचं शाळेने ठेवलेलं इंग्रजी नाव असतं, घरचं नाव असेल तर ऐकून कसंतरी लिहिलेलं, स्पेलिंग पानोपानी वेगळं. कॉम्प्युटरला ते जुळवता येत नाही, ते जुळवायला घरचं नाव माहिती असलेलं कुणीतरी लागतं, एखादी म्हातारी, जी पान बघून सांगेल की ही माझी मावशी. त्या शाळांत गेलेली शेवटची पिढी आता थकलीये. आणि स्कॅनिंग थांबलं तेव्हा तिला दाखवायचं पान खोक्यातच राहिलं.