ग्वाटेमाला 1954: रेडिओवरून चढवलेली स्वारी

[दृश्य: जुनी वृत्तफीत. बंदरात जहाज, क्रेनने उतरणाऱ्या लाकडी पेट्या]

15 मे 1954. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या पोर्तो बारिओस बंदराला ‘आल्फहेम’ हे स्वीडिश जहाज लागलं. कागदोपत्री माल होता भिंगं आणि प्रयोगशाळेचं सामान. पेट्यांमध्ये निघाली कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून आलेली सुमारे 2 हजार टन शस्त्रं.

अमेरिकेने ग्वाटेमालाला शस्त्रं विकणं आधीच बंद केलं होतं आणि मित्रदेशांनाही विकू दिलं नव्हतं. मग राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स मिळेल तिथे गेले. बराचसा माल दुसऱ्या महायुद्धातला, जर्मन बनावटीचा. त्यात रणगाडाविरोधी तोफा होत्या. आजूबाजूच्या एकाही देशाकडे नाव घ्यावं असं रणगाडा दल नव्हतं. लष्कराच्या कामाचं फार थोडं निघालं. वॉशिंग्टनला मात्र जे हवं होतं ते मिळालं: पेट्यांचे फोटो.

[दृश्य: केळीचे मळे, रेल्वे वाघिणी, घडांची रास]

भांडण जमिनीचं होतं. जून 1952 मध्ये निघालेल्या 900 क्रमांकाच्या हुकूमनाम्याने 672 एकरांवरच्या इस्टेटींमधली पडीक जमीन सरकारजमा करून भूमिहीनांना द्यायचं ठरलं. भरपाई रोख्यांमध्ये, 25 वर्षं मुदत, 3 टक्के व्याज. रक्कम किती? मालकाने करासाठी स्वतःच जाहीर केलेली किंमत.

खोच इथेच होती. युनायटेड फ्रूट ही अमेरिकी केळी कंपनी देशातली सर्वांत मोठी जमीनदार, आणि तिच्या जमिनीचा मोठा हिस्सा पडीक. कर वाचवायला तिने वर्षानुवर्षं किंमत नाममात्र दाखवलेली. पॅसिफिक किनाऱ्याकडची सुमारे 2 लाख 10 हजार एकर जमीन गेली, तेव्हा तिच्याच आकड्यांवरून भरपाई निघाली 6 लाख 27 हजार डॉलर. म्हणजे एकरी जेमतेम 3 डॉलर. एप्रिल 1954 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने कंपनीच्या वतीने 1 कोटी 58 लाख मागितले. एकरी 75.

परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस हे याच कंपनीचं काम पाहिलेल्या वकिली पेढीतून आलेले. त्यांचे भाऊ अ‍ॅलन सीआयएचे प्रमुख. तरी सगळं केळ्यांवर ढकलणं सोपं आहे आणि अपुरं आहे. आर्बेन्स यांच्या जमीनसुधारणेत कम्युनिस्ट कार्यकर्ते खरोखरच पुढे होते, आणि शीतयुद्धाच्या त्या वर्षांत वॉशिंग्टनला तेवढं पुरेसं होतं.

[दृश्य: फ्लोरिडातला विमानतळ, बराकी, सीआयएच्या खुल्या झालेल्या कागदांवरच्या काळ्या पट्ट्या]

ऑगस्ट 1953 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आर्बेन्स यांना सत्तेवरून खाली खेचण्याच्या मोहिमेला होकार दिला. सांकेतिक नाव ‘पीबीसक्सेस’. मंजूर रक्कम सुमारे 27 लाख डॉलर, कचेरी मायामीजवळ ओपा-लोका इथे. पुढे करायला निवडला निर्वासित कर्नल कार्लोस कास्तियो आर्मास.

ही कागदपत्रं 1990 च्या दशकात खुली होऊ लागली. त्यांत हत्या कशी करावी याची 19 पानी पुस्तिका आहे. नावांची यादीही आहे, नावं खोडलेली. पण जास्त बारकाईने वाचावीत ती धाक घालण्याची टिपणं. ठरावीक माणसांना सलग 30 दिवस रोज टपालाने मृत्यूपत्रिका पाठवायची. कोणाच्या दारात लहानशी शवपेटी, कोणाकडे फाशीचा दोर, कोणाकडे खोटा बॉम्ब. घराच्या भिंतीवर रातोरात रंगवायचं: इथे हेर राहतो. पहिलं कार्ड फाडून टाकता येतं. विसावं आलं की माणूस पोस्टमनचीच वाट पाहू लागतो.

[दृश्य: लाकडी खोक्याचा रेडिओ, फिरणारी बटणं, खरखर]

1 मेपासून ‘मुक्तीचा आवाज’ नावाचं केंद्र ऐकू येऊ लागलं. आपण जंगलात लपून बोलतोय असं निवेदक सांगत. प्रत्यक्षात कार्यक्रम मायामीत ध्वनिमुद्रित व्हायचे, फिती विमानाने जायच्या आणि ट्रान्समीटर शेजारच्या देशात होता. एकदा तर प्रक्षेपण चालू असतानाच सैनिकांनी धाड घातल्याचं नाटक वठवलं: आरडाओरडा, धावपळ, मग शांतता.

देशात रेडिओ थोडे, साधारण पन्नास माणसांमागे एक, आणि तेही बहुतेक राजधानीत. म्हणजे खेड्यातला शेतकरी हा श्रोताच नव्हता. श्रोता होता शहरातला लष्करी अधिकारी आणि त्याची बायको. त्यात दैव असं, की मेच्या मध्यात सरकारी केंद्राचं अँटेना बदलायचं काम निघालं आणि ते काही आठवडे बंद राहिलं. सुया आपोआप दुसऱ्या केंद्राकडे वळल्या.

जूनच्या सुरुवातीला हवाई दलाचा निवृत्त प्रमुख विमान घेऊन पळाला. रेडिओवरून वैमानिकांना आवाहन करायला तो तयार होईना; घरच्यांची भीती. केंद्र चालवणाऱ्या सीआयएच्या डेव्हिड फिलिप्सच्या माणसांनी त्याला दारू पाजली. ‘समजा केलंच आवाहन, तर काय म्हणशील?’ असं विचारलं. तो रंगात येऊन बोलला. टेपरेकॉर्डर लपवलेला होता. दुसऱ्या दिवशी कापून जोडलेलं भाषण हवेत. आर्बेन्स यांनी आपलं उरलंसुरलं हवाई दल जमिनीवर बांधून ठेवलं. वैमानिकांवर विश्वासच राहिला नाही.

[दृश्य: डोंगरी रस्ता, ट्रकमधून जाणारी माणसं, हातात उंचावलेल्या बंदुका]

18 जूनच्या संध्याकाळी कास्तियो आर्मासने होंडुरासची सीमा ओलांडली. सगळी मिळून सुमारे 480 माणसं, चार तुकड्यांत. समोर साधारण 5 हजारांचं सैन्य. एक तुकडी एल साल्वाडोरमधून यायची होती. ती निघण्याआधीच तिथल्या पोलिसांनी अटकेत टाकली. 122 जणांची दुसरी तुकडी ग्वालान गावाशी अडली. तिथे एक लेफ्टनंट आणि 30 शिपाई होते. 36 तासांनंतर 122 पैकी 28 जण सुटून परतले. पोर्तो बारिओसवर गेलेली तुकडी पोलीस आणि गोदी कामगारांनी पिटाळली.

लष्करी हिशेबाने मोहीम तिथेच संपायला हवी होती. रेडिओवर मात्र ‘हजारोंचं सैन्य’ राजधानीकडे कूच करत होतं.

[दृश्य: घिरट्या घालणारं विमान, उडणारी पत्रकं, आकाशाकडे पाहणारी माणसं]

विमानं डझनभर. कधी पत्रकं टाकत, कधी छोटे बॉम्ब. बॉम्ब नसले तर हातगोळे. नुकसान कमी, आवाज फार. काही विमानं पडली तेव्हा 22 जूनला आयझेनहॉवर यांनी बदली विमानं द्यायला संमती दिली. 25 जूनला सुरक्षा परिषदेत ग्वाटेमालाची तक्रार विषयपत्रिकेवर घ्यायची की नाही यावर मतदान झालं: बाजूने 4, विरोधात 5. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ. त्या महिन्याचं अध्यक्षपद अमेरिकेकडेच होतं.

खरा घाव बसला साकापाच्या छावणीत. आर्बेन्स यांनी आपलं निवडक सैन्य तिथे पाठवलं होतं. अधिकारी बराकीतून हलेनात. कास्तियो आर्मास हे नुसतं बुजगावणं आहे हे त्यांना कळत होतं. भीती होती मागे उभ्या असलेल्या अमेरिकेची. आज यांना हरवलं तर उद्या मरीन उतरतील, असं त्यांचं गणित. नागरिकांना बंदुका वाटा, हा आर्बेन्स यांचा हुकूम लष्कराने धुडकावला. 27 जूनच्या रात्री आर्बेन्स रेडिओवर आले आणि राजीनामा देऊन गेले.

[दृश्य: विमानतळ, गर्दी, झेंडे]

3 जुलैला कास्तियो आर्मास राजधानीत उतरला, अमेरिकी दूतावासाच्या विमानातून. आदल्याच दिवशी अमेरिकी न्याय खात्याने युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीचा खटला भरला होता. सप्टेंबरमध्ये आर्बेन्स देश सोडताना त्यांना विमानतळावर कॅमेऱ्यांपुढे कपडे उतरवायला लावले. हे फोटो पडद्यावर थोडा वेळ राहू देऊ.

वाटलेली जमीन परत गेली. निरक्षरांचा मताधिकार गेला. 1960 ते 1996 यादवी चालली; मृत आणि बेपत्ता मिळून 2 लाखांहून अधिक.

[दृश्य: क्यूबाचा किनारा, मोडकी बोट]

सीआयएने या मोहिमेचा साचा जपून ठेवला. 1961 मध्ये क्यूबासाठी पुन्हा निर्वासितांची फौज, पुन्हा रेडिओ, या वेळी एका बेटावरून, आणि तो सांभाळायला पुन्हा फिलिप्स. या फौजेचं शिक्षण झालं ग्वाटेमालातच. पण जून 1954 मध्ये ग्वाटेमाला शहरात 26 वर्षांचा एक अर्जेंटिनी डॉक्टर हे सगळं पाहत होता, अर्नेस्टो गेवारा, म्हणजे पुढचा ‘चे’. क्यूबात सत्ता हाती येताच कास्त्रो आणि त्याने जुनं लष्कर मोडलं, अधिकारी काढले, नागरिकांना बंदुका दिल्या. 17 एप्रिलला सुमारे 1,400 जण किनाऱ्यावर उतरले. रेडिओ बोलत राहिला, पण ज्यांनी ऐकून कच खायची ते अधिकारी छावण्यांत उरलेच नव्हते. तीन दिवसांत सुमारे 1,200 जण कैद झाले.