पंचवीस वर्षं भरलेली स्कायलाइन

(पहाट. योकोहामाचं दायकोकू बेट, वरून.)

समुद्रात भराव टाकून केलेलं हे बेट, दायकोकू. उड्डाणपुलांच्या वेटोळ्यात जो वाहनतळ दिसतो, तिथे रात्री लांबलांबून गाडीवेडे जमतात. त्याच बेटाच्या कडेला हा धक्का आहे. इथून गाड्या परदेशी जातात.

रांगेतली ती करडी गाडी बघा, मागे चार गोल दिवे असलेली. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, आर३२ पिढीची. ही निघालीय अमेरिकेला, बाल्टिमोर बंदरात. नवी होती तेव्हा तिथल्या रस्त्यावर तिला मज्जाव होता. आज नाही. मधल्या काळात गाडी आहे तशीच आहे, फक्त तिचं वय वाढलंय.

(बॉनेट उघडतं.)

इंजिनापाशी जरा थांबू. आरबी२६डीईटीटी. एका ओळीत सहा सिलिंडर, २,५६८ सीसी, इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप. कागदावर ताकद २८० अश्वशक्ती, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असं जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. १९८९च्या ऑगस्टमध्ये ही गाडी बाजारात आली. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेच्या २९ शर्यती झाल्या. २९च्या २९ हिनेच मारल्या. अमेरिकेत मात्र निस्सानने ती कधी विकलीच नाही.

मग लोकांनी स्वतः का नाही आणली? त्याचं मूळ ऐंशीच्या दशकात आहे. डॉलर वधारला होता. युरोपात मर्सिडीज घ्यायची, परस्पर जहाजावर चढवायची, तरी ती अमेरिकेतल्या शोरूमपेक्षा स्वस्त पडायची. एकट्या १९८५ साली अशा ६० हजारांहून जास्त गाड्या आल्या. अधिकृत विक्रेत्यांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं, त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जोर लावला आणि १९८८चा कायदा आला. अमेरिकी नियमांसाठी न बनवलेली, पंचविशीच्या आतली गाडी आणायची तर ती नोंदणीकृत आयातदारामार्फतच. किमतीच्या दीडपट हमी ठेवायची, १२० दिवसांत गाडी अमेरिकी सुरक्षा नियमांत बसवायची. नाही जमलं तर परत पाठवायची, नाहीतर मोडीत काढायची.

(जुनं छायाचित्र: पोर्शे ९५९.)

बिल गेट्सची ही पोर्शे दहा वर्षांहून अधिक काळ कस्टम्सच्या ताब्यात पडून होती. अखेर दुर्मीळ गाड्यांसाठी वेगळी सवलत निघाली, वर्षाला २,५०० मैलांच्या मर्यादेची. आमच्या गाडीला ती वाट नव्हती. सुमारे ४४ हजार बनलेली गाडी दुर्मीळ कोण म्हणेल? तिला एकच मार्ग, २५ वर्षं भरू द्यायची.

(इंजिनाशेजारची निळी पट्टी, अगदी जवळून.)

आणि ती भरली हे ठरवायचं कशावरून? अमेरिकी गाडीचा चासी क्रमांक सतरा अक्षर-आकड्यांचा. हिचा तसा नाही. बीएनआर३२ आणि पुढे सहा आकडे, बस. पट्टीवर रंगाचा कोड आहे, गिअरबॉक्सचा आहे, बनल्याची तारीख नाही. जपानचा निर्यात दाखला पहिल्या नोंदणीचा महिना सांगतो. कायदा मोजतो कारखान्यातला महिना. म्हणून हा क्रमांक उत्पादनाच्या नोंदींशी ताडून बघतात. पट्टीवरचा क्रमांक आणि इंजिनामागच्या पत्र्यात ठोकलेला क्रमांक एकच असायला हवा. बघा, बोट फिरवून एकेक आकडा वाचतायत. सगळ्या खटाटोपात आम्हाला हेच काम मोलाचं वाटतं. इथे घाई करणाऱ्यांमुळे, खोटे कागद जोडणाऱ्यांमुळे सरळ मार्गाने गाडी आणणाराही संशयात येतो.

(चाकाच्या कमानीत वाफेचा झोत.)

अमेरिकेच्या कृषी खात्याला परकी माती नको असते, तिच्याबरोबर कीड येते. कमानीच्या दुमडीतून हा वाळका चिखल निघाला. त्यात एक अख्खं पान.

(बाल्टिमोर. गाडी उतारावरून खाली येते.)

कागद मुख्यतः दोन. सुरक्षेचा एचएस-७, त्यात 'पंचवीस वर्षं पूर्ण' या पहिल्याच चौकटीत खूण. प्रदूषणाचा ३५२०-१, त्याची अट अशी की गाडी किमान २१ वर्षांची आणि मूळ अवस्थेतली हवी. मूळ अवस्थेतली! मोठे टर्बो बसवून, इंजिनं बदलून या गाड्यांची काय दशा झालीय ते आम्ही पाहिलंय. हिला ज्या जपानी मालकांनी हात न लावता जपलं, त्यांचे उपकार मानायला हवेत.

(अंधारी गॅरेज, भिंतीवर प्रकाश.)

भिंतीवरची हेडलाइटच्या उजेडाची रेघ डावीकडे वर चढलेली दिसतेय? जपानमध्ये वाहनं डावीकडून चालतात, डावीकडे फुटपाथ. अमेरिकेत त्याच बाजूने समोरची गाडी येते, तिच्या चालकाच्या डोळ्यांत हा झोत जाईल. केंद्राचा कायदा एवढ्या जुन्या गाडीला दिवे बदलायला लावत नाही. या मालकाने मात्र आपणहून बदलले.

राज्याराज्यांचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात प्रदूषणाची चाचणी प्रयोगशाळेत द्यावी लागते. अडचणी आणखीही आहेत. गाडीला एअरबॅग नाही. आणि जपानमध्ये चांगल्या स्कायलाइन आता कमी उरल्यात.

(डॅशबोर्ड.)

काटा १८० किलोमीटरवर संपतो. काचेवर मालकाने तीन पांढरे ठिपके चिकटवलेत: ५६, ८८, १०५. म्हणजे ताशी साधारण ३५, ५५ आणि ६५ मैल.

(गाडीची मागची बाजू. हातात नवी नंबरप्लेट.)

जपानी प्लेट ३३ सेंटिमीटर रुंद, ही साडेतीस. भोकं जुळत नाहीत. डाव्या स्क्रूवर जपानमध्ये सरकारी सील असायचं, त्याचा गोल डाग अजून आहे. मधे एक पट्टी घातली. आता स्क्रू फिरतोय.