‘निजलोहा, निजांदे तेका’

श्रोतेहो, नमस्कार.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून पाठ धरलेली असते, ट्रॉलरवर बर्फाच्या पेट्या उचलून खांदा गेलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर दुखण्याची गोळी घरोघरी सापडते. संध्याकाळी माडी, फेणी नाहीतर क्वार्टरही बऱ्याच घरांत असते. ही दोन्ही एका पोटात गेली की काय होतं, ते मी डॉक्टर म्हणून पाहिलंय, म्हणून बोलतोय.

एका खलाशाला पाठदुखीसाठी मी ट्रामाडोल ही दुखण्याची जोरदार गोळी लिहून दिली. संध्याकाळी घेता का, हे विचारायचं राहून गेलं. पहाटे त्याला उचलूनच आणला. ओठ निळे, मिनिटाला जेमतेम सहा-सात श्वास. वाचला तो. पण त्याची आई जे म्हणाली ते अजून कानात आहे: "रातभर घोरत होतो. म्हटला, निजलोहा, निजांदे तेका." म्हणजे, रात्रभर घोरत होता, वाटलं झोपलाय, झोपू दे त्याला.

ते घोरणं गाढ झोपेचं नव्हतं. झोपेतही श्वास चालू ठेवणारं एक केंद्र मेंदूत असतं. ट्रामाडोल, टॅपेंटाडॉल, कोडीन अशा गोळ्या त्याला मंद करतात आणि दारूही तेच करते. जीभ मागे पडते, घशातून घरघर येते, श्वास लांबत जातो. पाठदुखीसाठी कधी कधी प्रिगॅबॅलिन किंवा स्नायू सैल करणारी गोळी दिलेली असते. तीही गुंगी वाढवते.

"गोळी दुपारी घेतली होती, रात्रीचं काय?" असं पुष्कळजण विचारतात. ट्रामाडोलचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण सहा तास लागतात. पाकिटावर 'एसआर' लिहिलं असेल तर ती गोळी हळूहळू सुटत राहते, दिवस-रात्र. शेजाऱ्याच्या ऑपरेशनमधली उरलेली पट्टी मागून आणणाऱ्यांना तर हे ठाऊकच नसतं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन श्वासाला हात लावत नाहीत, पण दारूसोबत जठराला जखम करतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर रक्त आत वाहतंय, लगेच दवाखाना गाठा.

पॅरासिटामोल मात्र फार साधी वाटते. निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे ती चालत नाही. रोज पिणाऱ्याचं यकृत तिचा विषारी अंश निकामी करायला कमी पडतं, त्याला त्याहून कमीच चालते. किती, ते डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत तीच असते, म्हणून नकळत दुप्पट होते. जास्त झाली तरी पहिला दिवस माणूस बरा दिसतो, यकृत नंतर बोलतं. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

तपासताना बायको किंवा आई शेजारी असली की गडी म्हणतो, "नाय, मी घेत नाय." मी आता त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतो. कुणी लपवू नये. ऐकलेलं मी घरी सांगत नाही, फक्त गोळी बदलतो.

आणि रात्री कुणी असं घोरत पडलेलं दिसलं तर हाक मारा, जोरात हलवा. नीट जागा होत नसेल तर कुशीवर वळवा, ताक, लिंबूपाणी, कॉफी काही पाजू नका, ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत एकाने उशाशी बसून श्वास मोजावा. येताना गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात टाकून आणा. तिच्यावरचं नाव वाचून कोणता उतारा द्यायचा ते आम्हाला लवकर ठरवता येतं.