हेड गॅसकेटचं बिल

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात कसारा घाटात बॉनेट उघडून कडेला उभी असलेली जुनी मारुती ८०० आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. मग मिस्त्री सांगतो, “हेड गॅसकेट गेलंय”, आणि बिल ऐकून मालक विचारतो, एका गॅसकेटचे एवढे पैसे?

गॅसकेट, म्हणजे दोन भागांमधली फट बंद करणारा पातळ पत्रा, स्वस्तच असतं हो. लहान गाडीचं काही शेकड्यांत येतं. पण ते बसतं ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य भाग, आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, यांच्या मधोमध. तिथवर पोचायचं तर मॅनिफोल्ड, टायमिंग बेल्ट, होजपाइप सगळं सोडवायचं, नंतर पुन्हा जोडायचं. बिल हजारांत जातं ते या मजुरीमुळे. शिवाय नवं ऑइल, नवं कूलंट, काही गाड्यांत हेडचे बोल्टही नवे.

आणि लेथचं काम. जुन्या गाड्यांत बहुधा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून इंजिन फार गरम झालं की हेड वाकतं. मिस्त्री हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरतो आणि खालून फीलर गेजचं, म्हणजे ठरावीक जाडीचं, पातं सरकवून बघतो. ०.०५ मिलिमीटरचं पातं आत शिरलं, तरी बऱ्याच लहान इंजिनांचं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागतं. डोळ्यांना ते वाकडं दिसतही नाही! फेसिंग आणि हेडला तडा नाही ना हे बघणारी प्रेशर टेस्ट गाळून स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला कृपा करून नाही म्हणा. वाकड्या हेडवर नवं गॅसकेट टिकत नाही, मग तीच मजुरी पुन्हा भरायची. इंजिन तापलं कशामुळे, हेही विचारा. चोंदलेला रेडिएटर तसाच राहिला तर सगळा खर्च पाण्यात.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी वाफ साचून तसं होतं. डिपस्टिकवरही, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं, रेडिएटरमध्ये बुडबुडे, गळती नसताना पाणी कमी, असं एकत्र आढळलं तर मात्र गॅसकेट गेल्याची शंका पक्की.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीचं नूतनीकरण आणि हरित कर याच हिशेबात धरा. पत्रा खालून सडला असेल तर मी खर्च करू नका म्हणेन. पत्रा धड असेल तर जरूर करा.

आणि तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला की इंजिन लगेच बंद करा. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी टोचन करूनच न्या.