पल्सार म्हातारा होतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

इसवी सन १०५४ च्या जुलै महिन्यात चीनमधल्या राजज्योतिषांनी वृषभ राशीजवळ एक नवा तारा नोंदवून ठेवला. तो तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता. खरं तर तो एका ताऱ्याचा स्फोट होता. त्या जागी आज क्रॅब नावाचा तेजोमेघ, म्हणजे स्फोटात उधळलेल्या वायूचा ढग, आहे. त्याच्या मधोमध जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा, पण सूर्याहून भारी असा न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा दाबला गेलेला गाभा, सेकंदाला तीस गिरक्या घेतो आहे. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ लहरींचा झोत प्रत्येक गिरकीला पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला ठोके ऐकू येतात. अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात. पहिला पल्सार १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला सापडला. नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकांना. असो, तो विषय वेगळा.

क्रॅबचे ठोके मोजले तेव्हा लक्षात आलं की हा तारा मंदावतोय. त्याच्या एका गिरकीला लागणारा वेळ रोज सेकंदाच्या सुमारे ३६ अब्जांशांनी वाढतो. ऐकायला हे काहीच नाही. पण एवढ्या जड गोळ्याचा वेग एवढासा कमी करायलाही प्रचंड ऊर्जा खर्ची पडावी लागते. हिशेब केला तर ती सूर्याच्या तेजाच्या लाखपट भरते. तेजोमेघ नऊशे वर्षांनंतरही कशावर तेवत राहिलाय, हे कोडं शास्त्रज्ञांना आधीपासून छळत होतं. त्याला लागणारी ऊर्जा आणि ताऱ्याची हरवणारी ऊर्जा, दोन्ही आकडे जुळले. जुन्या सायकलच्या डायनॅमोसारखं हे आहे: दिवा लागला की पायडल जड होतं. पल्सारचं प्रबळ चुंबकीय क्षेत्र ताऱ्याबरोबर गरगर फिरतं, विद्युतभारित कण आणि प्रारणं बाहेर फेकतं, आणि त्याची किंमत गिरकीतून वसूल होते.

म्हणूनच मंदावण्यावरून वय काढता येतं. गिरकीला लागणारा वेळ घ्यायचा आणि तो ज्या गतीने वाढतोय तिच्या दुपटीने भागायचा. क्रॅबच्या बाबतीत उत्तर येतं साडेबाराशे वर्षांच्या आसपास. खरं वय हजाराच्या आतच आहे, कारण चिनी नोंद आपल्याजवळ आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या बाकीच्या पल्सारांच्या वयाचे आकडे मी तरी जरा हात राखूनच वाचतो.

शिवाय मंदावणं सरळ रेषेत होत नाही. दक्षिण आकाशातला व्हेला पल्सार साधारण अकरा हजार वर्षांचा. १९६९ मध्ये तो मंदावता मंदावता अचानक किंचित वेगाने फिरू लागला, आणि त्यानंतर दर काही वर्षांनी तसंच करतो आहे. ताऱ्याच्या पोटातला न्यूट्रॉनांचा अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, द्रव कवचाइतका मंदावलेला नसतो. मधूनच तो आपला शिल्लक वेग कवचाला देऊन टाकतो, असं मानतात.

लाखो वर्षांनी गिरकी सेकंदा-दोन सेकंदांची होते. पुढे केव्हातरी ध्रुवांजवळ रेडिओ लहरींसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन या कणांच्या जोड्या तयार होण्याइतका विद्युतदाब उरत नाही आणि रेडिओ ठोके थांबतात. तारा तिथेच असतो, फिरतही असतो. आपल्याला मात्र कळत नाही. पण नियमाला न जुमानणारेही आहेत. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने ७६ सेकंदांत एक गिरकी घेणारा पल्सार जाहीर केला. इतका संथ तारा गप्प व्हायला हवा होता.

काही म्हाताऱ्यांचं नशीब वेगळंच. सोबती तारा फुगला की त्यातला वायू ओघळून न्यूट्रॉन ताऱ्यावर पडतो आणि त्याची गिरकी पुन्हा वाढवतो. १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सार सापडला, तेव्हा शोधकांत एक तरुण विद्यार्थी होता: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. असे पल्सार दुर्बळ चुंबकीय क्षेत्रामुळे इतके सावकाश मंदावतात की त्यांचे ठोके घड्याळासारखे वापरता येतात. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरलहरी दुर्बीण हेच करते. २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी मिळून अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशालाच ताणणाऱ्या आणि त्यामुळे ठोक्यांची वेळ किंचित हलवणाऱ्या लहरींचे, पुरावे मांडले, त्यांत खोडदच्या नोंदीही होत्या.