दणकट ब्रॅकेट तुटतं कसं?

(कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरच्या) बुलेटला ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं तेल वाऱ्यावर गार करणारी जाळी, लावावा का, यावर इथं रात्रभर वाद चालेल. कंपनीनं दिला नव्हता, तरी गाड्या चालल्याच. रविवारी पन्हाळा करून येणाऱ्याला त्याची गरज नाही, असं माझं मत. उन्हाळ्यात लांबची, सलग वेगाची धाव असेल तर उपयोग होतो. पण गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागं रांगताना इंजिन तापतं म्हणून लावणार असाल, तर तिथं कूलरलाही वारा मिळत नाही. तेल कुठून काढायचं, कुठं परत सोडायचं, हा वेगळा विषय. आज फक्त ब्रॅकेट, म्हणजे कूलर फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी.

आपल्या गावाची एक खोड आहे. ऑइल इंजिनं आणि पंप बनवत वाढलेलं हे गाव, त्यामुळं कुठलीही वस्तू जाड केली की मजबूत झाली असं आपण धरून चालतो. दुकानदार विचारतो, किती सुताची पट्टी? आपण म्हणतो, दोन सुती द्या, दणकट पायजे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सूत म्हणजे सुमारे सव्वासहा मिलिमीटर. पंपाच्या बैठकीला ते चालतं, कारण ती जमिनीत रोवलेली असते. बुलेटच्या फ्रेमच्या पुढच्या नळीवर, जिथं हे ब्रॅकेट बसतं, हिशेब बदलतो.

एक सिलिंडर, मिनिटाला ३००० फेरे (आरपीएम), म्हणजे सेकंदाला ५० हादरे. कूलर वर-खाली अर्धा-अर्धा मिलिमीटर जरी हलला, तरी ब्रॅकेटवर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट जोर येतो, एकदा वरून, एकदा खालून. कूलर तेलासकट १ किलोचा धरा. ५ किलोचा हा झटका तासाला १,८०,००० वेळा बसतो. रत्नागिरीला पोचेपर्यंत आकडा पाच लाखांच्या पुढं जातो. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तोच प्रकार, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून आधी लांबी बघा. एका टोकाला धरलेली पट्टी दुप्पट लांब केली की तेवढ्याच वजनाखाली आठपट वाकते. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो, हेही खरं. पण वजनही दुप्पट होतं, आणि सगळा हादरा जसाच्या तसा कूलरच्या अॅल्युमिनियमच्या पातळ कानांवर, म्हणजे बोल्ट बसायच्या पाळ्यांवर, जातो. मग ब्रॅकेट शाबूत राहतं, कान तुटतो, आणि गरम तेल मागच्या टायरवर. त्यापेक्षा कूलर नळीच्या जवळ आणा, एक सुती माइल्ड स्टीलची पट्टी घ्या आणि तिच्या कडेला बोटभर किनार वाकवा. नुसत्या किनारीनं पट्टी कित्येक पट ताठ होते.

अॅल्युमिनियम हलकं, दिसायलाही झकास. तरी नवशिक्याला मी पोलादच सांगतो. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते कितीही हादरे सोसतं. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, ते कधी ना कधी थकतंच.

चीर सुरू होते ती ठरलेल्या जागी: वाकाला चिकटून पाडलेलं भोक, हॅकसॉचा राहिलेला ओरखडा, वेल्डचं टोक. आतला वाक पट्टीच्या जाडीइतका तरी गोल हवा. भोकाची कड वाकापासून १०-११ मिलिमीटर लांब ठेवा. कडा कानशीनं मोडा, आणि कानस लांबीच्या दिशेनं ओढा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

फ्रेमला वेल्ड करू नका. नळीला दोन्हीकडून धरणारा दोन पाकळ्यांचा क्लॅम्प लेथवर काढून घ्या. नळी व्हर्नियरनं मोजा, अंदाजानं नको. बोल्ट आवळल्यावर दोन्ही पाकळ्यांत फट राहिली पाहिजे. त्या एकमेकींना टेकल्या तर पकड कसली? आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की रंगही वाचतो.

कूलर मात्र रबराच्या बुशांवरच बसवा, आणि बुशात लोखंडी स्लीव्ह (बोल्टभोवतीची छोटी नळी) हवीच. ती नसली तर बोल्ट आवळताना रबर चेंगरतं आणि हादरा पुन्हा सरळ आत. एम६ बोल्टला ६.५ चं भोक, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्यानं सहजी न सुटणारा.

पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करा. तो गाडीवर बांधा, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा, मग दोघांनी हँडलवर भार टाकून फोर्क तळापर्यंत दाबा. घाटात खड्ड्यात ब्रेक मारल्यावर मडगार्ड कुठवर येतो, ते तेव्हाच कळतं. आणि कूलर सिलिंडरच्या अगदी तोंडावर आणू नका; इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, त्याचाच वारा अडवून काय मिळवलं?

शेवटी रंग. पावडर कोटिंग देखणं, पण बोल्टखाली ते दबत जातं आणि बोल्ट सैल होतो, शिवाय बारीक चीर त्याखाली झाकली जाते. मी फिकट राखाडी रंगाचा पातळ हात देतो. चीर पडलीच तर पहिल्या पावसात तिथं गंजाची तांबूस रेघ उमटते. नमुन्याचे दोन ब्रॅकेट टेबलावर ठेवलेत, त्यातलं एक चिरलेलं आहे. कुठं चिरलंय ते शोधा, मग प्रश्न घेऊ.